आयुर्विमा आणि इस्टेट टॅक्स : अमेरिकेत मालमत्ता असणाऱ्या कुटुंबांसाठी प्राथमिक मार्गदर्शन

अमेरिकेत एखाद्या व्यक्तीचे निधन झाल्यावर तिने मागे ठेवलेल्या एकूण मालमत्तेवर तेथील केंद्र सरकार जो कर आकारते, त्याला इस्टेट टॅक्स म्हणतात. हा कर १९१६ साली सुरू झाला. भारतात अशा स्वरूपाचे संपदा शुल्क १९८५ मध्ये रद्द झाल्यामुळे आपल्याकडील बहुतेकांना त्याचा अनुभव नाही. त्यामुळे अमेरिकेत स्थायिक झालेल्या किंवा तेथे गुंतवणूक असलेल्या मराठी कुटुंबाला ‘इस्टेट टॅक्ससाठी पॉलिसी घ्या’ असा सल्ला मिळाला, की तो पारखून कसा घ्यावा हे चटकन उमगत नाही. पुढील पायऱ्या अशा कुटुंबांना समोर ठेवून लिहिल्या आहेत.

मूळ प्रश्नाचे उत्तर आधीच सांगणे योग्य ठरेल. आयुर्विमा कर कमी करत नाही. कर भरण्यासाठी लागणारी रोकड तो वेळेवर हाती देतो, आणि तीही दोन अटी पूर्ण झाल्या तरच उपयोगी पडते. पहिली अट म्हणजे कर खरोखर लागणार असला पाहिजे, जो बहुसंख्य कुटुंबांना लागत नाही. दुसरी अट म्हणजे पॉलिसीची मालकी मृत व्यक्तीकडे असता कामा नये. ही दुसरी अट दुर्लक्षित राहिली, तर कर भागवण्यासाठी घेतलेला विमाच कर वाढवतो.

पायरी १ : कर लागणार आहे का, हे ठरवा

२०२६ मध्ये निधन पावणाऱ्या अमेरिकी नागरिकाला, तसेच नागरिक नसलेल्या पण तेथे कायम राहण्याच्या इराद्याने वास्तव्य करणाऱ्या व्यक्तीला, १ कोटी ५० लाख डॉलरपर्यंतची सूट मिळते. २०२५ साठी हीच सूट १ कोटी ३९ लाख ९० हजार डॉलर होती. २०१७ च्या कायद्याने वाढवलेली सूट २०२५ अखेर जवळजवळ निम्म्यावर येणार होती. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने ती भीती दूर केली आणि १ कोटी ५० लाखांचा आकडा पुढे महागाईनुसार वाढत राहील अशी तरतूद केली. सूट ओलांडून जी रक्कम उरते तिच्यावर ४० टक्के कर लागतो. जुन्या, निम्म्या सुटीच्या भीतीपोटी काही वर्षांपूर्वी घेतलेल्या पॉलिसी आज कित्येक घरांत पडून आहेत, आणि त्यांची गरज उरली आहे का हे पुन्हा तपासणे हेही या पहिल्या पायरीचेच काम आहे.

मालमत्तेची बेरीज करताना हात आखडता घेऊ नये. राहते घर, भाड्याने दिलेली घरे, शेअर, निवृत्तिनिधीची खाती, व्यवसायातील हिस्सा, दागिने, आणि अमेरिकेत कायम वास्तव्य असेल तर भारतातील सदनिका व शेतजमीनसुद्धा बाजारभावाने धरली जाते. येथे वास्तव्य ठरते ते कायम राहण्याच्या इराद्यावरून. हातात ग्रीन कार्ड आहे किंवा नाही एवढ्यावरून ते ठरत नाही. आणि या बेरजेत स्वतःच्या मालकीच्या विमा पॉलिसीची मृत्यूनंतर मिळणारी पूर्ण रक्कमही धरावी लागते. अनेकांची पहिली गफलत येथेच होते, कारण त्यांच्या मनात पॉलिसीची किंमत म्हणजे आजवर भरलेले हप्ते किंवा फार तर तिचे समर्पण मूल्य, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्यास मिळणारी रक्कम, असते.

पती-पत्नीसाठी नियम बराच उदार आहे. हयात राहणारा जोडीदार अमेरिकी नागरिक असेल तर त्याला मिळणाऱ्या मालमत्तेवर कितीही रकमेपर्यंत कर लागत नाही. कराची वेळ दुसऱ्या जोडीदाराच्या निधनानंतर येते. शिवाय पहिल्याची न वापरलेली सूट दुसऱ्याच्या नावे वळती करता येते. म्हणजे दोघांची मिळून ३ कोटी डॉलरची सूट होते. मात्र ही सूट आपोआप मिळत नाही. पहिल्या निधनानंतर कर लागत नसला तरी फॉर्म ७०६, म्हणजे इस्टेट टॅक्सचे विवरणपत्र, भरून ती मागावी लागते. हा फॉर्म भरणे एरवी ज्यांना बंधनकारक नव्हते, अशा कुटुंबांना केवळ या सुटीसाठी निधनापासून पाच वर्षांपर्यंत तो भरता येतो. लाखो डॉलरचा कर वाचवणारा हा कागद दुःखाच्या काळात विसरला जातो. ज्यांच्या घरी गेल्या पाच वर्षांत असे निधन झाले आहे, त्यांनी पॉलिसीचा विचार करण्याआधी हा फॉर्म भरला आहे का हे पाहावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

जोडीदार अमेरिकी नागरिक नसेल तर ही अमर्याद सवलत मिळत नाही. सूट ओलांडणारी मालमत्ता विशिष्ट अटींच्या ट्रस्टमध्ये, ज्याला तेथे क्यूडॉट म्हणतात, ठेवली तरच कर पुढे ढकलता येतो. अनेक मराठी घरांत एकाने नागरिकत्व घेतलेले असते आणि दुसऱ्याने भारतीय पासपोर्ट ठेवलेला असतो, म्हणून हा मुद्दा आपल्यासाठी कळीचा आहे.

आता भारतात राहणाऱ्या वाचकांविषयी. तेथे अनेक वर्षे काम करून परतलेल्या व्यक्तीकडे अमेरिकी कंपन्यांचे शेअर असतील आणि ती अमेरिकेची नागरिक किंवा रहिवासी नसेल, तर तिला फक्त ६० हजार डॉलरची सूट आहे. भारत आणि अमेरिका यांच्यात इस्टेट टॅक्ससंबंधी करार नसल्यामुळे तिकडूनही सवलत मिळत नाही. त्यावरील अमेरिकी मालमत्तेवर टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत कर बसतो. मात्र अशा अनिवासी, अनागरिक व्यक्तीच्या आयुष्यावरील विम्याची रक्कम, पॉलिसी अमेरिकी कंपनीची असली तरी, अमेरिकेतील मालमत्ता मानली जात नाही. त्यामुळे या गटाला पुढील पायऱ्यांत येणारी ट्रस्टची खटपट इस्टेट टॅक्ससाठी करावी लागत नाही; साधी मुदतीची पॉलिसीही वारसांना त्या कराची रक्कम पुरवू शकते.

केंद्राच्या कराशिवाय काही राज्यांचा स्वतंत्र इस्टेट टॅक्स असतो आणि त्याची मर्यादा फारच खाली असते. ऑरेगनमध्ये ती १० लाख डॉलर, मॅसॅच्युसेट्समध्ये २० लाख, इलिनॉयमध्ये ४० लाख आहे. न्यू यॉर्कमध्ये मालमत्ता राज्याच्या सूट-मर्यादेच्या १०५ टक्क्यांपुढे गेली की सूट पूर्णपणे नाहीशी होते आणि पहिल्या डॉलरपासून कर बसतो. ऑरेगनमधील एका एकट्या व्यक्तीचे घर ६ लाखांचे आणि निवृत्तिनिधी ३ लाखांचा आहे असे धरले, तर कर शून्य. तिने स्वतःच्या नावे ५ लाखांची पॉलिसी घेतली आणि तिचे निधन झाले, तर बेरीज १४ लाख होते आणि केवळ त्या पॉलिसीमुळे राज्याचा कर लागू होतो. पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी, मेरीलँड, केंटकी आणि नेब्रास्का या राज्यांत वारसाच्या नात्यानुसार आकारला जाणारा वारसा कर आहे. त्याचे नियम निराळे असल्यामुळे तेथील रहिवाशांनी ते स्वतंत्रपणे पाहावेत.

पायरी २ : रोकड किती कमी पडेल, ते मोजा

कर लागणार असे दिसले, तरी लगेच विमा घेण्याची गरज सिद्ध होत नाही. प्रश्न वेळेचा आणि रोकडीचा आहे. निधनाच्या तारखेपासून नऊ महिन्यांत फॉर्म ७०६ आणि कराची रक्कम दोन्ही द्यावी लागतात. फॉर्म भरण्यासाठी सहा महिन्यांची मुदतवाढ मागितली की मिळते, पण त्या मुदतवाढीने पैसे भरण्याची तारीख पुढे जात नाही. उशीर झाला की व्याज आणि दंड सुरू होतो. हा कर मृताच्या मालमत्तेतून एक्झिक्युटर, म्हणजे त्या मालमत्तेची व्यवस्था लावणारी व्यक्ती, भरतो, आणि तो भरण्याआधी मालमत्ता वाटून टाकली तर न भरलेल्या कराची जबाबदारी त्याच्यावर वैयक्तिकरीत्या येऊ शकते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका विधवा महिलेची मालमत्ता २ कोटी ४० लाख डॉलर आहे : कुटुंबाचा कारखाना १ कोटी ७० लाख, घर व जमीन ४० लाख, निवृत्तिनिधी व शेअर २५ लाख, बँकेत ५ लाख. पतीच्या निधनानंतर मुदतीत फॉर्म ७०६ भरलेला नसल्याने त्याची सूट गेली. २०२६ मध्ये तिचे निधन झाले तर, कर्जे व खर्च बाजूला ठेवून, १ कोटी ५० लाख वजा जाता ९० लाखांवर ४० टक्के, म्हणजे ३६ लाख डॉलर कर येतो. हाताशी असलेले सर्व शेअर, निवृत्तिनिधी आणि बँकेतील ठेवी मिळून ३० लाख होतात. त्यातही पारंपरिक निवृत्तिनिधीतून वारसांनी रक्कम काढली की त्यांना तिच्यावर प्राप्तिकर भरावा लागतो. म्हणजे कागदावर श्रीमंत असलेल्या या कुटुंबाला नऊ महिन्यांत जमीन विकावी लागेल, किंवा कारखान्याचा हिस्सा. घाईची विक्री आहे हे खरेदीदाराला माहीत असते, आणि भाव त्याच हिशेबाने येतो. आयुर्विम्याची खरी उपयुक्तता नेमकी अशा ठिकाणी आहे.

याउलट तेवढीच मालमत्ता शेअर बाजारातील रोख्यांत असती तर रोकडीची अडचण आलीच नसती. निधनानंतर वारसांसाठी बहुतेक गुंतवणुकींची मूळ किंमत त्या दिवसाच्या बाजारभावावर आणली जाते; त्यामुळे लगेच विकले तर भांडवली नफा जवळजवळ शून्य असतो. अशा कुटुंबाला कराच्या रोकडीसाठी महागडी आजीवन पॉलिसी विकणे मला योग्य वाटत नाही. पॉलिसीमुळे वारसांच्या हाती काही अधिक उरेलही, पण तो निर्णय गुंतवणुकीचा आहे आणि इतर गुंतवणुकींशी तुलना करूनच तो घ्यावा.

व्यवसाय असलेल्यांसाठी कायद्यात आणखी एक वाट आहे. कुटुंबाच्या ताब्यातील व्यवसायाचा हिस्सा समायोजित, म्हणजे कर्जे व खर्च वजा जाता उरणाऱ्या, मालमत्तेच्या ३५ टक्क्यांहून अधिक असेल, तर अमेरिकी करकायद्याच्या कलम ६१६६ नुसार व्यवसायाच्या वाट्याचा कर हप्त्यांनी भरता येतो : मुद्दल पाच वर्षांपर्यंत पुढे ढकलता येते आणि नंतर दहापर्यंत वार्षिक हप्त्यांत फेडता येते. वरील उदाहरणातील कारखाना या अटीत सहज बसतो. ही सोय मिळत असेल तर विम्याची रक्कम पूर्ण कराएवढी असण्याचे कारण उरत नाही. परंतु हप्त्यांवर व्याज लागते, व्यवसायातील मोठा हिस्सा विकला किंवा हप्ते थकले तर उरलेला कर एकदम देय होऊ शकतो, आणि इतकी वर्षे व्यवसाय कर्जाच्या सावलीत चालवावा लागतो. काही कुटुंबे म्हणूनच ही सोय आणि छोटा विमा अशी जोड करतात, आणि बहुतेक वेळा ती शहाणपणाची ठरते.

पायरी ३ : मालकी कोणाची, हे पॉलिसी घेण्याआधी ठरवा

मृत्यूनंतर लाभार्थीला मिळणाऱ्या विम्याच्या रकमेवर सामान्यतः प्राप्तिकर लागत नाही. हे खरे आहे, पण त्यावरून ‘विम्यावर कोणताच कर नाही’ असा समज पसरतो आणि तो चुकीचा आहे. प्राप्तिकर आणि इस्टेट टॅक्स हे दोन निराळे कर आहेत. कलम २०४२ नुसार दोन परिस्थितींत विम्याची पूर्ण रक्कम मृताच्या मालमत्तेत मिळवली जाते : ती रक्कम एक्झिक्युटरला किंवा मालमत्तेच्या फायद्यासाठी मिळणार असेल तर, किंवा मृत्यूच्या वेळी विमाधारकाकडे, म्हणजे ज्याच्या आयुष्यावर विमा आहे त्याच्याकडे, पॉलिसीवरचा कोणताही हक्क असेल तर. हक्क याचा अर्थ नुसते नाव असा नाही. लाभार्थी बदलण्याचा, पॉलिसी रद्द किंवा समर्पित करण्याचा, ती दुसऱ्याच्या नावे करण्याचा, तिच्यावर कर्ज काढण्याचा किंवा ती तारण ठेवण्याचा, यांपैकी एकही अधिकार राखलेला असला तरी पुरेसा आहे.

वरील महिलेने ४० लाखांची पॉलिसी स्वतःच्या नावे घेतली असती तर मालमत्ता २ कोटी ८० लाख झाली असती, करपात्र रक्कम १ कोटी ३० लाख, आणि कर ५२ लाख. म्हणजे विम्याच्या ४० लाखांपैकी १६ लाख त्याच विम्यामुळे वाढलेल्या करात गेले असते. तीच पॉलिसी योग्य ट्रस्टच्या मालकीची असती तर कर ३६ लाखच राहिला असता आणि ४० लाख पूर्ण हाती आले असते. पॉलिसी तीच, हप्ता तोच. फरक फक्त अर्जावर मालक म्हणून कोणाचे नाव होते एवढाच.

नोकरीतून मिळणारा सामूहिक विमाही येथे धरला जातो, कारण लाभार्थी बदलण्याचा अधिकार कर्मचाऱ्याकडे असतो. पगाराच्या पटीत मिळणारे हे संरक्षण बेरजेत धरायचे राहून जाते.

मालकी दुसऱ्याकडे देण्याचे सर्वांत सोपे मार्ग म्हणजे सज्ञान मुले किंवा जोडीदार यांना मालक करणे. मुले समंजस असतील, त्यांच्यावर कर्ज नसेल आणि त्यांचे संसार स्थिर असतील तर हा मार्ग चालतो आणि स्वस्तही पडतो. पण पॉलिसी मुलाची झाली की तो ती मोडू शकतो, तिच्यावर कर्ज काढू शकतो, आणि त्याच्या घटस्फोटात किंवा दिवाळखोरीत तीही ओढली जाऊ शकते. जोडीदाराला मालक केले तर विम्याची रक्कम अखेर त्याच्या मालमत्तेत येऊन बसते, आणि कराचा प्रश्न सुटण्याऐवजी पुढच्या निधनापर्यंत लांबतो.

याच ठिकाणी एक सापळा आहे. वडिलांच्या आयुष्यावर विमा, मालक आई, आणि लाभार्थी मुले, अशी तीन निराळी टोके ठेवली तर वडिलांच्या निधनानंतर मुलांना मिळालेली संपूर्ण रक्कम आईने दिलेली करपात्र भेट मानली जाते. १९४६ च्या गुडमन खटल्यापासून हे तत्त्व रूढ आहे. मालक आणि लाभार्थी एकच ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. कॅलिफोर्निया, टेक्सस यांसारख्या राज्यांत, जेथे संसारातील कमाई दोघांची सामाईक मानली जाते, तेथे हप्ते सामाईक पैशातून गेल्यास निम्म्या रकमेवर पुन्हा हक्काचा प्रश्न उभा राहतो. तेथे वकिलाकडून लेखी करार करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पायरी ४ : ट्रस्ट उभारायचा असेल तर क्रम पाळा

मोठ्या मालमत्तेसाठी रुळलेला मार्ग म्हणजे केवळ विम्यासाठी स्थापलेला, रद्द न करता येणारा ट्रस्ट. तेथे त्याला आयलिट म्हणतात. त्यात क्रमाला फार महत्त्व आहे. आधी वकिलाने ट्रस्टचा दस्त तयार करावा आणि त्यावर सह्या व्हाव्यात. मग ट्रस्टचा करक्रमांक आणि बँक खाते व्हावे. आणि त्यानंतरच विश्वस्ताने स्वतः, ट्रस्टला मालक व लाभार्थी दाखवून, विम्याचा अर्ज करावा. ज्याच्या आयुष्यावर विमा आहे त्याने वैद्यकीय तपासणी द्यावी, विमाधारक म्हणून सही करावी, आणि मालकीच्या रकान्यापासून दूर राहावे. त्याने विश्वस्तही होऊ नये, कारण विश्वस्त म्हणून हाती आलेले अधिकारही कलम २०४२ च्या कक्षेत येऊ शकतात.

घाईत उलटे केले जाते : एजंट पॉलिसी आधी काढून देतो आणि ‘नंतर ट्रस्टच्या नावे करू’ असे सांगतो. तेव्हा कलम २०३५ आडवे येते. स्वतःच्या मालकीची पॉलिसी दुसऱ्याच्या नावे केल्यापासून तीन वर्षांच्या आत निधन झाले, तर पूर्ण रक्कम परत मालमत्तेत धरली जाते. ट्रस्टने सुरुवातीपासून काढलेल्या पॉलिसीला ही तीन वर्षांची टांगती तलवार नसते. जुनी पॉलिसी वळती करण्याशिवाय गत्यंतर नसेल, तर ती लवकरात लवकर करावी, हस्तांतराच्या दिवशीचे तिचे मूल्य विमा कंपनीकडून फॉर्म ७१२ वर लेखी घ्यावे, आणि त्या तीन वर्षांत निधन झाल्यास रक्कम कोणाकडे जाईल याची पर्यायी तरतूद दस्तात करून घ्यावी.

हप्त्याचे पैसे ट्रस्टला भेट म्हणून दिले जातात. २०२६ मध्ये एका व्यक्तीला वर्षाला १९ हजार डॉलरपर्यंतची भेट करमुक्त आहे, पण ती तात्काळ वापरता येण्याजोगी असली पाहिजे, आणि ट्रस्टमधील पैसा तसा नसतो. त्यावर १९६८ च्या क्रमी खटल्याने मान्य केलेला उपाय असा, की प्रत्येक भेटीनंतर लाभार्थींना ठरावीक मुदतीत, साधारणतः तीस दिवसांत, ती रक्कम काढून घेण्याचा अधिकार द्यायचा. विश्वस्ताने दर वर्षी त्यांना तसे पत्र पाठवावे, मुदत संपेपर्यंत पैसा खात्यात राहू द्यावा, आणि नंतरच हप्ता भरावा. ही पत्रे जपून ठेवण्याचा कंटाळा करू नये. विमाधारकाने हप्ता परस्पर कंपनीला भरणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. त्यामुळे लाभार्थींना पैसे काढण्याची संधीच मिळत नाही. नातवंडे लाभार्थी असतील तर पिढी ओलांडणाऱ्या हस्तांतरावरील निराळ्या कराचा विचार करून फॉर्म ७०९, म्हणजे भेटींवरील कराचे विवरणपत्र, भरण्याविषयी सल्लागाराला स्पष्ट विचारावे.

दस्तात एक वाक्य कधीही असू नये : ‘विश्वस्ताने इस्टेट टॅक्स भरावा.’ ट्रस्टवर कर भरण्याचे कायदेशीर बंधन घातले की विम्याची तेवढी रक्कम मालमत्तेच्या फायद्याची ठरते आणि करपात्र होते. त्याऐवजी विश्वस्ताला दोन ऐच्छिक अधिकार द्यावेत : मृताच्या मालमत्तेला कर्ज देण्याचा, आणि त्या मालमत्तेतील जमीन, शेअर किंवा व्यवसायाचा हिस्सा वाजवी भावाने विकत घेण्याचा. रोकड याच मार्गाने एक्झिक्युटरपर्यंत पोहोचते. नागरिक नसलेल्या जोडीदाराचाही अशा ट्रस्टमध्ये लाभार्थी म्हणून समावेश करता येतो आणि ट्रस्टमधील विम्याच्या रकमेसाठी क्यूडॉटची गरज भासत नाही. मिश्र नागरिकत्वाच्या घरांसाठी हा ट्रस्टचा मोठा फायदा मला वाटतो.

पायरी ५ : पॉलिसीचा प्रकार आणि रक्कम

मुदतीचा विमा स्वस्त असतो, पण वीस-तीस वर्षांनी संपतो, आणि इस्टेट टॅक्सची वेळ बहुधा त्यानंतर येते. म्हणून या कामासाठी साधारणपणे आजीवन विमा घेतला जातो. मात्र तरुण उद्योजकाला कर्जफेड होईपर्यंत किंवा व्यवसाय विकला जाईपर्यंतच धोका असेल, तर मुदतीचा विमाच योग्य. आजीवन प्रकारांतही हमी कशाची आहे आणि निव्वळ अंदाज कशाचा आहे हे लेखी वेगळे करून मागावे. व्याजाच्या गृहीत दरावर चालणारी पॉलिसी दर घसरल्यास म्हातारपणी जादा हप्ते मागू शकते, आणि ते न भरल्यास नेमकी गरज असताना बंद पडते.

दोघांच्या आयुष्यावर एकत्र काढलेली आणि दुसऱ्याच्या निधनानंतरच रक्कम देणारी पॉलिसी स्वतंत्र पॉलिसीपेक्षा स्वस्त पडते, आणि दोघेही नागरिक असलेल्या जोडप्याच्या कराच्या वेळापत्रकाशी ती जुळतेही. पण जोडीदार नागरिक नसेल आणि क्यूडॉटचा मार्ग नको असेल, तर कर पहिल्याच निधनानंतर देय होऊ शकतो, आणि ही पॉलिसी तेव्हा एक डॉलरही देत नाही. अशा घराने आधी नागरिकत्वाचा प्रश्न मार्गी लावावा, किंवा मालमत्ता ज्याच्या नावे अधिक आहे त्याच्या एकट्याच्या आयुष्यावर विमा घ्यावा.

रक्कम ठरवताना आजच्या कराइतका आकडा धरून थांबू नये. व्यवसायाची वाढ आणि सुटीची वाढ दोन्ही लक्षात घ्यावीत. त्याचबरोबर एजंटाचे कमिशन सहसा पॉलिसीच्या आकाराबरोबर वाढते, म्हणून गरजेचा आकडा कमिशनशी संबंध नसलेल्या करसल्लागाराकडून काढून घ्यावा आणि तोच एजंटापुढे ठेवावा.

पायरी ६ : विमा स्वतःच्या व्यवसायाच्या नावे असेल तर

भागीदारांपैकी एकाचे निधन झाल्यावर त्याचा हिस्सा विकत घेता यावा म्हणून कंपनीच विमा काढते, ही पद्धत लहान उद्योगांत सर्रास आहे. ६ जून २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॉनेली खटल्यात एकमताने दिलेल्या निकालामुळे तिचा पुनर्विचार करावा लागतो. दोन भावांच्या कंपनीत ७७.१८ टक्के हिस्सा असलेल्या भावाचे निधन झाले. कंपनीला विम्याचे ३५ लाख डॉलर मिळाले आणि त्यातील ३० लाखांत तिने त्याचे शेअर परत घेतले. शेअर घेण्याचे बंधन हे देणे आहे, म्हणून ते ३० लाख कंपनीच्या मूल्यात धरू नयेत, असा मृत भावाच्या एक्झिक्युटरचा दावा होता. न्यायालयाने तो फेटाळला. कंपनीचे मूल्य ३८ लाख ६० हजारांऐवजी ६८ लाख ६० हजार धरले गेले आणि सुमारे ८ लाख ९० हजार डॉलरचा वाढीव कर लागला. ज्यांचे असे करार आहेत त्यांनी विमा भागीदारांनी परस्परांवर घ्यावा की वेगळ्या संस्थेच्या नावे ठेवावा, हे वकिलाबरोबर पुन्हा तपासावे, आणि करारात लिहिलेले वार्षिक मूल्यांकन खरोखर दर वर्षी करून ठेवावे.

पायरी ७ : निधनानंतर वारसांनी काय करावे

मृत्युप्रमाणपत्राच्या अनेक प्रमाणित प्रती घ्याव्यात आणि विश्वस्ताने लगेच विम्याचा दावा दाखल करावा. रक्कम थेट ट्रस्टच्या खात्यात यावी, मृताच्या मालमत्तेच्या खात्यात नव्हे. दाव्याच्या रकमेवर कंपनीने जे व्याज दिले असेल त्यावर मात्र प्राप्तिकर लागतो. मृताच्या आयुष्यावरील प्रत्येक पॉलिसीसाठी, ती ट्रस्टची असली तरी, एक्झिक्युटरने कंपनीकडून फॉर्म ७१२ मागून घ्यावा आणि फॉर्म ७०६ बरोबर जोडावा. घर, जमीन आणि व्यवसाय यांचे मूल्यांकन पहिल्या दोन-तीन महिन्यांतच सुरू करावे, कारण नऊ महिने वाटतात तितके लांब नसतात. बाजार घसरला असेल तर निधनानंतर सहा महिन्यांच्या तारखेचे मूल्य निवडता येते. मात्र त्याने एकूण मालमत्ता आणि कर दोन्ही कमी होत असले पाहिजेत. एखादी पॉलिसी मृताच्या स्वतःच्या नावे निघाली, तर मृत्युपत्रात वेगळे लिहिलेले नसल्यास तिच्या वाट्याचा कर एक्झिक्युटर लाभार्थीकडून मागू शकतो, म्हणून त्या लाभार्थीने मिळालेले सर्व पैसे लगेच खर्च करू नयेत.

नंतर विश्वस्त आणि एक्झिक्युटर यांनी कर्ज किंवा खरेदीचा व्यवहार कागदोपत्री पूर्ण करावा. ट्रस्टने जमीन विकत घेतली तर भाव स्वतंत्र मूल्यमापकाच्या अहवालाप्रमाणे असावा. कर्ज दिले तर व्याजाचा दर, मुदत आणि परतफेड लिहिलेली असावी. मालमत्तेच्या खात्यात आलेल्या त्या रोकडीतून नवव्या महिन्याच्या आत कर भरावा. फॉर्म ७०६ ची तपासणी नंतरही होऊ शकते आणि मूल्यांकनावर वाद निघून जादा कर मागितला जाऊ शकतो; म्हणून करखात्याकडून प्रकरण बंद झाल्याचे पत्र मागवून ते हाती येईपर्यंत विश्वस्ताने विम्याच्या रकमेचा काही भाग न वाटता राखून ठेवावा.